वाइंडिंगच्या आधीचा ‘री’

माझी नात मिताली सहावीत आहे. तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक निळी चौकट आहे. काही शब्दांच्या आधी ‘री’ लावला की ‘पुन्हा’ असा अर्थ होतो, असं त्या चौकटीत लिहिलंय. राइट म्हणजे लिहिणे, रीराइट म्हणजे पुन्हा लिहिणे. ओपन म्हणजे उघडणे, रीओपन म्हणजे पुन्हा उघडणे. खाली बारक्या अक्षरांत एक पुरवणी आहे, की कधी कधी ‘री’चा अर्थ ‘मागे, पूर्वीच्या जागी’ असाही होतो. त्याच्या खाली गाळलेल्या जागा भरा. मिताली पेन्सिल चावत म्हणाली, "आजी, तुले येते का हे?"

"येते का म्हणजे? ह्याच्यावरच जेवली मी पोट्टे. तुझ्या बापालेबी ह्याच्यावरच वाढवलं."

तिला वाटलं, आजी नेहमीसारखी फेकून राहिली. पण ह्या वेळी मी खरं बोलत होते. यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आता तिथे मुलगा बसतो आणि मी त्याच्या चुका काढायला जाते.

मोटार म्हटलं की ज्यांना चारचाकी आठवते त्यांच्यासाठी सांगते. आमची मोटार विहिरीवरची, पाणी उपसणारी. तिच्या पोटात लोखंडाचं पोकळ नळकांडं असतं, आतून खाचा पाडलेलं. त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो. मोटार फार तापली की तो थर जळतो, तारेला तार लागते आणि धूर निघतो. मग ती वेटोळी कापून उपसून काढायची. काढताना वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची. खाचा घासायच्या, आत कागद घालायचा, तितक्याच वेढ्यांची नवी वेटोळी फर्म्यावर गुंडाळायची आणि बांबूच्या पट्टीने खाचेत दाबत दाबत भरायची. मग दोऱ्याने बांधायचं, व्हार्निश पाजायचं, वाळवायचं आणि बटन दाबताना मनातल्या मनात आपल्या कुलाचं भलं चिंतायचं. हे रिवाइंडिंग.

आमची अख्खी रांगच ‘री’ची होती. शेजारी टायरचं रिमोल्डिंग, त्याच्या पलीकडे इंजिनाचं रिबोअरिंग, कोपऱ्यावर मोबाइलचं रिचार्ज. नव्या वस्तूंचं दुकान त्या रांगेत एकच निघालं होतं, ते वर्ष सरायच्या आत बंद पडलं. ज्याला नवं परवडतं त्याला ‘री’ लागत नाही. हे पुस्तकाच्या चौकटीत लिहिलेलं नाही, पण लिहायला पाहिजे.

मी मात्र सुरुवातीला ‘री’वाली नव्हते. मी होते शुद्ध वाइंडिंगवाली, आणि त्याचा मला जो माज होता तो सांगायला आता दात कमी पडतात.

लग्नाआधी मी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागले. तिथे नव्या कोऱ्या मोटारी बनायच्या. वेटोळी गुंडाळायच्या खात्यात सगळ्या बाया. बायांची बोटं बारीक असतात म्हणून, असं आमचे साहेब म्हणायचे. साहेबांना टोकदार मिशा होत्या आणि त्या पिळायची सवय होती. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायांत मॅट्रिक झालेली मी एकटी, आणि तेही इंग्रजी घेऊन. मग काय विचारता! फर्म्याचं हँडल फिरवताना वेढे मोजायचे असतात. बाकीच्या बाया आपल्या पद्धतीने मोजत. मी मोठ्याने इंग्रजीत मोजायची. वन, टू, थ्री. ट्वेंटी-नाइनपर्यंत मी राणीसारखी जायची. थर्टीच्या पुढे जरा चिखल लागायचा, तिथे आवाज बारीक करायची. साहेब जवळून गेले की पुन्हा मोठा. बाया मला ‘मड्डम’ म्हणायच्या. मला तो मान वाटायचा. माझ्या डोक्यात किती भुसा होता याचा अंदाज यावा म्हणून सांगते.

पुढे कारखाना बंद झाला. लग्न झालेलं होतं, पदरात पोरगा होता. गावातल्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात काम मिळालं. मालकाला सगळे उस्ताद म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक जळकी, काळीठिक्कर मोटार ठेवली. तिच्या पोटात पालीची अंडी होती. मी नाकाला पदर लावून म्हणाले, "मी नव्या मोटारीचं काम केलंय."

उस्ताद म्हणाले, "अच्छा? करंट को मालूम है क्या, नई है के पुरानी है?"

तरी मी माहेरी आणि सासरी ‘मी वाइंडर आहे’ असंच सांगायची. ‘री’ गिळून टाकायची. माझ्या डोक्यात बसलं होतं की ‘री’ लागला की माणूस एक पायरी खाली उतरतो. रिटेस्टला बसणारा नापास झालेला असतो, रिमोल्ड टायर घासलेला असतो, आणि आमच्या वस्तीत एका मुलीचं रीमॅरेज झालं तेव्हा बाया तिच्याकडे जशा पाहायच्या ते मी पाहिलं होतं.

उस्तादांनी मला एकच नियम शिकवला. "जो निकला, वही डालो. अकल बाद में." आतून जितके वेढे निघाले तितकेच घाला. जशी तार निघाली तशीच घाला. आपलं डोकं चालवू नका, कारण मोटार बनवणारा तुमच्यापेक्षा शहाणा होता. उस्ताद गेल्यावर मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हाही हाच नियम पाळला. एक गोष्ट तेवढी स्वतःच्या अकलेने केली. पाटी.

पेंटरला सांगितलं, लिही, ‘मोटार वाइंडिंग वर्क्स’. तो ब्रश बुचकळून थांबला. "बाई, री राह्यला."

"राहू दे."

"लोकाइले समजणार नाही बाई."

"तुले काय कराचं? लिही."

लिहिलं. मग दुकानात लोक येऊ लागले ते नवी मोटार विकत घ्यायला. एक जण ‘टाकीवर फिट करून द्याल का’ विचारत आला. जळकी मोटार खांद्यावर घेतलेले लोक माझ्यासमोरून चालत पुढच्या दुकानात जाताना मी बसून पाहायची. महिनाभरात पेंटरला बोलावणं पाठवावं लागलं. तो आला आणि ‘मोटार’ अन् ‘वाइंडिंग’च्या मधे, जेवढी जागा उरली होती तेवढ्यात, एक बारका ‘री’ कोंबून गेला. लांबून पाटीवर माशी बसल्यासारखी दिसायची. त्या माशीने मला जन्मभर पोसलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक निवृत्त गुरुजी छताचा पंखा घेऊन आले. मी भरून दिला, बेअरिंग बदललं, पंखा मुक्यासारखा फिरायला लागला. चार दिवसांनी गुरुजी पंखा घेऊन परत हजर. डोळे सुजलेले. म्हणाले, "आवाज कोठी गेला याचा?"

"गुरुजी, आवाज काढलाच. खराबी होती ते."

"तुम्हाला कोणी सांगितलं काढायला? आमच्या मंडळींना जाऊन तीन वर्षं झाली. त्या होत्या तेव्हापासून हा कट-कट करते. मले झोप येऊन नाही राह्यली."

आता आली का पंचाईत. धंद्यात आवाज घालवायला शिकवतात, आणायला कोणी शिकवत नाही. मी एक वॉशर ढिला ठेवून पाहिला. गुरुजी डोळे मिटून पंख्याखाली उभे राहिले. "जरा जलद आहे." दुसरा वॉशर. "आता जवळ आलं." तिसऱ्याला त्यांनी मान हलवली आणि डोळे न उघडता तसेच उभे राहिले. मी गल्ल्याकडे तोंड करून तारा मोजत बसले. ‘पुन्हा’ आणि ‘पूर्वीच्या जागी’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा पुसटसं कळलं. नीट कळलं ते सोनीबाईमुळे.

सोनीबाई नेरच्या बाजूच्या एका बंजारा तांड्याची सरपंच. उंच, खणखणीत आवाजाची, कमरेला मोबाइल खोचलेला. पहिल्यांदा आली ती उन्हाळा लागताना, मालवाहू ऑटोत तांड्याच्या नळयोजनेची मोटार टाकून. जुनी बिडाची मोटार, दोन माणसांना न उचलवणारी. मी उघडली, मोजली, जो निकला वही डाला. पंधरवड्यात मोटार पुन्हा ऑटोत. पुन्हा मोजली, पुन्हा तेच घातलं. पुन्हा जळली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा सोनीबाई भांडायच्या तयारीने आली असेल असं मला वाटलं होतं. ती उलट्या डब्यावर बसली आणि पाणी मागितलं. पिऊन म्हणाली, "याडी, आता मायी खुर्ची जाते." त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. पहिल्या खेपेपासून तिने मला तेच लावलं होतं.

"काहून? मोटार जळली म्हणून?"

"उपसरपंचानं अविश्वासाचा ठराव टाकला. म्हणते, बाईच्या राज्यात तीनदा मोटर जळते, बाई हलक्या हातानं काम करून आणते. नव्या मोटारीचा कागद वरत हापिसात पडून आहे, तो कवा येईन देव जाणे. बाया दोन-दोन कोस घागरी वाहून राह्यल्या. त्याइचं काय चुकलं? मलेच शिव्या देतीन न."

"मेंबर किती त्याच्याकडून?"

"जितके हात लागते तितके जमवले त्यानं. एकबी जास्त नाही, एकबी कमी नाही. येत्या सोमवारी तहसीलीतून साहेब येणार अन् हात मोजणार."

‘हलका हात’ म्हणजे माझा हात. पण खरं सांगते, मला आधी राग आला तो मोटारीचा. मी तिचं पोट उघडून बसले. एक फेज गेली की काही वेटोळी जळतात आणि काही कोरी राहतात, ते बघताच ओळखू येतं. इथे सगळी वेटोळी सारखी काळी. पाण्याविना फिरल्याची खूण नाही. म्हणजे रोग बाहेरचा नव्हता, आतला होता. वेढे कमी असले की मोटार फिरते झकास, पण करंट जास्त ओढते, हळूहळू तापते आणि जाते. पण वेढे तर मी मोजून घातले होते!

मोजले होते कशावरून? आतून निघाले त्यावरून. ते कोणी घातले होते? माझ्याआधीच्या कोण्या ‘री’वाल्याने. त्याने कशावरून मोजले? त्याच्या आधीच्यावरून. कोणीतरी कधीतरी, तार पुरली नाही म्हणून म्हणा, जेवायची घाई होती म्हणून म्हणा, वेढे कमी घातले, आणि आम्ही सगळे इमानदारीने ती चूक पुढे नेत होतो. कोणाची री ओढणं म्हणतात ते हेच असेल. उस्तादांच्या नियमात हे एक भोक होतं. बनवणारा शहाणा असतो हे खरं, पण माझ्यापुढे आलेलं काम बनवणाऱ्याचं नव्हतंच.

मोटारीवरची माहितीची पट्टी कधीच गळून पडली होती. मी रंग खरवडला. खाली बिडात ओतलेली अक्षरं निघाली. माझ्याच कारखान्याची! मी हसायलाच लागले. ही बया कोरी असताना माझ्या किंवा माझ्या शेजारणींच्या हाताखालून गेली होती. सोनीबाईला वाटलं मला ऊन लागलं.

"हसून काय राह्यली याडी? मायं मरण आहे इथं."

"सोनीबाई, हिला मी पोरगी असताना पाह्यलंय."

"मंग सांग न, कितीक वेढे होते?"

तेच तर! मी डोळे मिटले. आठवलं काय? माझा स्वतःचा आवाज. वन, टू, थ्री. ट्वेंटी-नाइन. पुढे चिखल. किती वेढ्यांवर थांबायची ते काही केल्या आठवेना. इंग्रजीत मोजलेलं इंग्रजीतच कुठेतरी निघून गेलं होतं. मोटारीच्या आकारमानावरून गणित मांडून वेढे काढता येतात, इंजिनिअर काढतातही, पण पट्टी गेलेल्या मोटारीचं गणित जवळपास जातं, आणि जवळपास गेलेली मोटार जवळपासच चालते. सोमवारच्या आत चूक करून पाहायला वेळ नव्हता.

मी त्या कारखान्याची, कधीच न उघडलेली मोटार शोधायला लागले. दोन दिवस फोन केले, गावोगावच्या ओळखीच्या मेकॅनिकांना विचारलं. त्या मोटारी अजून पुष्कळ होत्या, पण प्रत्येकीला ‘री’ लागलेला. आणि प्रत्येकीचा हिशोब निराळा! एक म्हातारा शपथेवर सांगत होता की त्याच्या मोटारीला कंपनीनंतर कोणाचा हात लागला नाही. त्याने ती बेअरिंगसाठी आणलेलीच होती. उघडली तर आतली वेटोळी खताच्या पोत्याच्या सुतळीने बांधलेली आणि खाचेत लग्नपत्रिकेचा कागद. अर्धी गणपतीची सोंड दिसत होती. म्हातारा म्हणाला, "बापा! हे तर माह्याच लग्नाची आहे!" त्याच्या मोठ्या भावाने घरीच उद्योग केला होता.

मग मला आठवल्या कारखान्यातल्या बाया. मी इंग्रजीत मोजायची तेव्हा त्या काय करायच्या? गायच्या. मशीनवरचा आकडा दाखवणारा काटा सदा मोडका. म्हणून त्यांनी वेढ्यांच्या मापाचं गाणंच रचलं होतं. हँडलचा एक फेरा, गाण्याचा एक तुकडा. गाणं संपलं की वेटोळं पुरं. चुकायची सोय नाही, गप्पा मारायला तोंड मोकळं नाही. मला ते गावठी वाटायचं. जात्यावर बसल्यात जशा, असं मी म्हणायची.

गाण्यात पुढे असायची वत्सला. ती राळेगाव तालुक्यातल्या एका गावी असते एवढं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी एसटी धरली. सोनीबाई म्हणाली, "मीबी येते, घरी बसून काय करू? लोकाइची तोंडं पाहू?"

वत्सला अंगणात तूर निवडत बसली होती. दात गेलेले, आवाज तोच. मला बघून सुपडं बाजूला ठेवलं.

"माय वं! मड्डम! तू काहून आली वं कुंदे? कोनी मेलं का?"

"कोणी मेलं नाही. ते गाणं म्हण."

"कोनतं गानं?"

"मोठ्या मोटारीचं. वेढ्यांचं."

वत्सला जी हसायला लागली ती थांबेना. "तवा तं नाक मुरडे! आता बसनं आली गानं आयकाले? चाय तं पी पयले."

चहा झाला. वत्सला गायला बसली आणि अडकली. म्हणाली, "बसून नाही येत वं. हात फिराले पाह्यजे." तिच्या नातवाची सायकल भिंतीला टेकलेली होती. आम्ही ती उलटी करून ठेवली. वत्सला पेडल धरून बसली, एकदा फिरवून पाहिलं आणि सुरू झाली.

तारेचा गं वेढा, वेढ्यावर वेढा,
साहेब गं वेडा, मिशा पिळी.

सोनीबाई सुपातल्या तुरीतून दर फेऱ्याला एक दाणा बाजूला काढत होती. गाणं चाललं, चाललं, संपेचना. मग मी ऐकलं:

माह्या आदेशाले सायकल घेऊ,
राळेगावी जाऊ बाजाराले.

"थांब, थांब! हा आदेश कोण?"

"नातू नाही का माहा. त्याचीच तं सायकल आहे."

"कारखान्यात होता का तो?"

वत्सला ओशाळली. एवढी वर्षं तिने तेच गाणं पोरांना निजवायला वापरलं होतं. जसजसं घरात मूल आलं तसतसं गाण्यात आलं. मुलं, पुतणे, नातवंडं, एक कालवडसुद्धा. ही पण रिवाइंडिंगच झालेली! मी म्हटलं, आता एकेकाला उतरव.

ते सोपं नव्हतं. आदेश उतरला, त्याचे दाणे सुपात परत गेले. त्याची बहीण उतरली. कालवडीला उतरवताना वत्सला म्हणाली, "राहू दे न वं तिले, गरीब होती." सोनीबाई हात जोडून म्हणाली, "बाई, तुयी कालवड मायी खुर्ची खाईन." कालवड उतरली. शेवटी प्रश्न राहिला साहेबांच्या मिशांचा. माझं म्हणणं, ते कडवं मागाहून घुसवलेलं. वत्सलाचं म्हणणं, ते पहिल्यापासून.

"पहिल्यापासून कसं असेल? साहेब समोर असायचे. त्यांच्यासमोर तुम्ही त्यांच्या मिशांवर गायच्या?"

"साहेब आला का त्या कडव्याले तोंड बंद, हात चालू. फेरे तेवढेच घाले आम्ही, मुक्यानं. अन् साहेबाले समजलं कसं तवा, सांग बरं? तूच तं चुगली केलती जाऊन! सर, दे आर सिंगिंग ऑन युवर मूछ!"

सोनीबाईला इंग्रजी येत नाही, पण ती इतकी हसली की तुरीचे दाणे सांडले आणि आम्हाला पुन्हा मोजावे लागले. वाद मिटला. ज्या कडव्याची मी चुगली केली ते तेव्हा होतं, एवढं तर सिद्ध झालं. मिशा ठेवल्या. मोजणीत उरलेले दाणे सोनीबाईने ओढणीच्या टोकाला गाठ मारून घेतले आणि येताना एसटीत ते टोक मुठीतून सोडलं नाही.

दुकानात येऊन मी वेटोळी गुंडाळली. खरं-खोटं कळायची आमच्याकडे एक जागा असते. वेढे घालून झाले की खाचेच्या तोंडाशी बांबूची पट्टी सरकवतात. मागच्या खेपांना पट्टी सैल जात होती आणि मी कागदाची घडी घालून ती घट्ट केली होती. उस्तादांचा नियम पाळणाऱ्या माणसाला कागदाची घडी दिसते, तिचा अर्थ दिसत नाही. ह्या वेळी पट्टी हातोडीने हलके ठोकून सरकवावी लागली. खाच काठोकाठ भरली होती. अशी भरायलाच ती पाडलेली होती. दुकानात मोटार चालवून करंट मोजला, काटा मागच्या खेपेपेक्षा कितीतरी अलीकडे थांबला. मी मुलाला म्हटलं, "पाहा, ही आता कुठे परत आली."

"परत म्हणजे? गेलतीच कोठी?" तो म्हणाला. त्यालाही निळी चौकट शिकवायला पाहिजे.

रविवारी मोटार विहिरीवर बसली. सोमवारी मी मुद्दाम तांड्यावर गेले. भर लोडवर करंट मोजायचा होता असं सगळ्यांना सांगितलं, आणि ते अर्धं खरं होतं. नळ पहाटेच सुटले होते. बाया धुणी वाळत घालत होत्या. एका दारात उपसरपंचाची काकी, जी स्वतःही सदस्य होती, मोठ्या गंगाळात केस धुऊन राहिली होती. उन्हाळाभर सोनीबाईच्या दारासमोर येऊन सगळ्यात मोठ्याने ओरडणारी हीच, असं सोनीबाईने मला दाखवून दिलं.

ग्रामपंचायतीच्या खोलीत बाहेरच्यांना बंदी. मी खिडकीपाशी, सावलीत उभी राहिले. तहसीलीतून आलेले साहेब टेबलाशी बसले. एकेक सदस्य येत गेला. सोनीबाई दाराशी उभी होती. ती प्रत्येकाकडे वरपासून खालपर्यंत पाहायची. सगळे धुतलेले कपडे घालून, भांग पाडून आलेले. उपसरपंच शेवटी आला, कानाशी साबण राहिलेला.

"आंघोळ्या झाल्या न सगळ्याइच्या?" सोनीबाईने विचारलं. उपसरपंचाने कानाशी हात नेला. "मंग मांडा आता, काय मांडाचं ते."

ठराव वाचला गेला. त्यात पाण्याबद्दलच बरंच होतं. वाचणारा मधेच अडखळला, कारण मागच्या भिंतीपलीकडे कोणाच्या तरी टाकीचं पाणी भरून ओसंडत होतं आणि त्याचा आवाज खोलीत येत होता. साहेबांनी सांगितलं, ठरावाच्या बाजूचे हात वर करा. हात वर गेले. उपसरपंच मान वळवून मोजत होता. तो आपल्या काकीपाशी थांबला. काकीचे दोन्ही हात डोक्यामागे ओल्या केसांत गुंतलेले होते.

"काकी! हात वर कर न!"

"कोनत्या हातानं करू? दिसत नाही का तुले, केस बांधून राह्यली न मी."

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. काकीने पेड घातला, सोडला, आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतला. साहेबांनी जेवढे हात वर होते तेवढे मोजले, ठराव पडल्याचं लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं.